मुक्कामी गाडी

पप्पा एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण हिशोबाची सवय सुटलेली नाही. त्यामुळे 2024 च्या जूनमध्ये आमच्या जळगावच्या घरात कोण किती वेळा संडासला गेलं, याचं रीतसर वेबिल तयार झालं होतं. दोनशे पानी वही, पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, नाव, किती वेळा, शेरा. शेऱ्यात 'पातळ', 'बरी', 'मुरडा', 'नुसता वारा' असले शब्द. माझ्या नावापुढे एके दिवशी लिहिलं होतं, 'सांगत नाही'.

मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करत होते. मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून पळायचं, परत येऊन 'सॉरी, नेटवर्क गेलं होतं' म्हणायचं. आमच्या टीमला अजून वाटतं की जळगावात नेटवर्क फार वाईट आहे.

सुरुवात अखाजीला झाली. निदान आम्ही तरी तसं धरून चाललोय. खान्देशात नसाल तर सांगते, अक्षय्य तृतीयेला आम्ही अखाजी म्हणतो आणि आमच्याकडे तिचं वजन दिवाळीइतकं असतं. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात, आणि पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर पूजतात. त्या वर्षी अखाजी 10 मे ला होती, शुक्रवारी. आम्ही सगळे धुळ्याला काकांकडे गेलो. आजी तिथेच असते. पप्पा, मम्मी, दादा, वहिनी, मी आणि माझा अडीच वर्षांचा भाचा. घरात एकूण तेवीस माणसं, बाहेर आग ओकणारं ऊन आणि आत पातेलंभर आमरस. रसात बर्फ, सरबतात बर्फ. भाचा दिवसभर अंगणातल्या हौदाशी खेळत होता. पाणी काढायचं प्लास्टिकचं मगं तोंडाला लावताना मी त्याला दोनदा पकडलं. तिसऱ्यांदा मी झोपले होते.

13 तारखेला जळगावात मतदान होतं म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी परतलो. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. नव्वदेक किलोमीटर. पप्पांना या रस्त्यावरचा प्रत्येक थांबा तोंडपाठ.

आठवडाभर काहीच झालं नाही. 21 मे ला भाच्याला जुलाब सुरू झाले.

उन्हाळ्यात लहान मुलाला जुलाब होणं ही काही बातमी नसते. पारा 44 च्या पुढे होता आणि जो तो 'ऊन लागलं' म्हणत होता. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटाला हातही न लावता अँटिबायोटिकची बाटली लिहून दिली. तीन दिवसांत पोरगं बरं झालं. मग पाच दिवसांनी परत. पुन्हा तेच औषध, पुन्हा बरं, पुन्हा तेच. त्या शीला असा काही वास यायचा की दादा नाकाला रुमाल बांधून डायपर बदलायचा. तुपकट, फेसाळ, आणि पोट फुगून ढोलकीसारखं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पप्पांना आणि मला लागण झाली. आमचं लक्षण वेगळं होतं. जुलाब दिवसातून तीन-चारदाच, पण ढेकर! सडक्या अंड्याचे ढेकर. पोटात सतत कोणीतरी भांडी घासतंय असा आवाज. दोन दिवस अगदी ठणठणीत वाटायचं, शेवभाजी खावीशी वाटायची आणि खाल्ली की संपलं. पप्पा म्हणाले, "ही मुक्कामी गाडी आहे. सकाळी निघते, वाटतं गेली. संध्याकाळी परत गावात हजर."

इथवर विनोद चालले होते. मग एके सकाळी वहिनीनं भाच्याला वजनकाट्यावर उभं केलं. मे च्या सुरुवातीला तो बारा किलो होता. काटा 10.7 दाखवत होता. वहिनीनं त्याला खाली उतरवलं, परत उभं केलं. परत तेच. त्या दिवसापासून घरात कोणी विनोद केला नाही.

विनोद थांबले की दोष शोधणं सुरू होतं. मम्मीचं म्हणणं, वहिनी बँकेत जाते, पोराला पाळणाघरात ठेवते, तिथे काय खायला घालतात देव जाणे. वहिनीची नखं वाढलेली असतात. वहिनी पोराला पुड्यातलं काहीबाही देते. यातलं काहीही मम्मी वहिनीला तोंडावर बोलली नाही. सगळं मला सांगायची, भांडी घासताना, वहिनीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. वहिनीनं नखं कापली. पाळणाघर बंद केलं, रजा टाकली. मग मम्मी म्हणाली, "बघ, कापली ना नखं. म्हणजे तिलाही कळत होतं."

दुसरी आघाडी धुळ्याची. तिकडे काकांच्या धाकट्या मुलालाही तसंच होत होतं आणि काकूंनाही. पहिल्या फोनवर दोन्ही घरांना हायसं वाटलं, की चला, आपण एकटे नाही. दुसऱ्या फोनवर काकू म्हणाल्या, "तुमच्याकडून आलेल्या पोराला अखाजीलाच जरा पातळ होत होतं ना?" मम्मी म्हणाली, "तुमच्या हौदात शेवाळ होतं." त्यानंतर महिनाभर दोघी बोलल्या नाहीत. पप्पा आणि काका लपूनछपून बोलायचे, वेबिलाची देवाणघेवाण करायला.

आजी मात्र 3 जूनलाच एसटीनं जळगावला येऊन थडकली होती. एकटी, 81 वर्षांची, पिशवीत ज्वारीच्या लाह्या आणि सुंठ. "पोरगं कसं से आते?" हे दारातलं पहिलं वाक्य. तिनं पोराचा ताबा घेतला. लाह्यांचं पीठ, ताकातली कढी, मऊ भात, सगळं हातानं कालवून भरवायची. रात्री त्याला कुशीत घ्यायची, धुवायचीही तीच. वहिनी पहिल्यांदा सलग पाच तास झोपली. आजीला स्वतःला काहीही नव्हतं. ती म्हणायची, तिच्या पोटानं पटकी पाहिलीय, याचं काय घेऊन बसलात.

पटकी म्हणजे कॉलरा. आजीच्या लहानपणी त्यांच्या गावात आली होती, तिच्यात तिचा चार वर्षांचा भाऊ गेला. सकाळी खेळत होता, दुसऱ्या दिवशी नव्हता. मग गावानं मरीआईचा गाडा काढला. छोटा लाकडी गाडा, त्यात देवी, नैवेद्य, हिरव्या बांगड्या. वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत ढकलून द्यायचा, मागे वळून न बघता परतायचं. पलीकडचं गाव काय करायचं, मी विचारलं. "ते बी गाडा काढेत," आजी म्हणाली. मी हसले. मग मम्मी आणि काकूंचे फोन आठवले.

आता एक कबुली. आम्ही सुशिक्षित घर. मी इंजिनियर, दादा इंजिनियर, वहिनी बँकेत. आणि आम्ही तीन आठवडे ओआरएस चुकीचं देत होतो. एक तर मी मेडिकलवरून जे आणलं ते ओआरएस नव्हतंच. सफरचंदाच्या चवीचा खोका, त्यावर ती तीन अक्षरं ठळक, बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कोण वाचतो. ते साखरेचं सरबत होतं. जुलाबात जास्त साखर दिली की ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. पोराला ते फार आवडायचं आणि आम्ही खूश, पितोय म्हणून. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अशा पेयांविरुद्ध कित्येक वर्षं भांडत होत्या. शेवटी 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं नियमात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला मनाई केली. आमच्यासाठी सव्वा वर्ष उशीर झाला, पण झाली.

दुसरी चूक मम्मीची. घरात खऱ्या पावडरची पाकिटंही होती. मम्मी त्यातली चिमूटभर पेल्यात टाकायची, अंदाजानं. कधी चिमूट, कधी चमचा. तिचा हात भाजीच्या मिठाला चुकत नाही म्हणून तिला वाटलं इथेही चुकणार नाही. मोठं पाकीट असतं पूर्ण एक लिटर पाण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट, सगळं मिळून 20.5 ग्रॅम. गंमत त्या जोडीत आहे. आतडं बिघडलेलं असलं तरी ग्लुकोज आत जाताना सोबत मिठातलं सोडियम घेऊन जातं आणि त्यांच्या मागे पाणी जातं. प्रमाण चुकलं की फायदा गेला, फार घट्ट झालं तर उलटा धोका.

हे वाचताना मला डॉ. दिलीप महालनबीस सापडले. 1971, बांगलादेशाचं युद्ध, बनगावची निर्वासित छावणी, कॉलरा. सलाईन संपत आलेलं. त्यांनी पिंपांत मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. छावणीत तीस टक्क्यांच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. डॉक्टर 2022 मध्ये वारले आणि 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आजीला ही गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिनं विचारलं, मीठ आणि साखरच? घरात होतं की ते.

मला तेव्हा कळलं नाही की ती त्या चार वर्षांच्या भावाबद्दल बोलतेय.

दोन आठवड्यांच्या वर जुलाब टिकले की डॉक्टरांच्या लेखी तो वेगळा प्रकार होतो. हे आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, जूनच्या मध्यावर. तरुण बालरोगतज्ज्ञ, बोलायला तुटक. त्यांनी पोराचं पोट चाचपलं, पप्पांचं वेबिल पाच मिनिटं वाचलं (पप्पांच्या आयुष्यातला हा मोठा क्षण होता) आणि म्हणाले, अँटिबायोटिक आधी बंद. झिंक चौदा दिवस, मधे बरं वाटलं तरी थांबवायचं नाही. आणि शी तपासायची, तीन वेगवेगळ्या दिवशी.

डबी घेऊन लॅबमध्ये जाणं हा एक स्वतंत्र निबंध आहे. मी ती स्कूटीच्या डिकीत ठेवली, वर ओढणी घातली, आणि रिंगरोडला शाळेतली एक मैत्रीण भेटून पंधरा मिनिटं बोलत राहिली. पहिला रिपोर्ट, काही नाही. दुसरा, काही नाही. मम्मी म्हणाली पैसे खायचे धंदे. तिसऱ्यात लिहून आलं, गिआर्डियाच्या सिस्ट दिसल्या.

गिआर्डिया हा एकपेशीय जीव. शेवटच्या माणसानं त्याला कधी पाहिलं असं विचारलं तर मी, पण पहिला माणूस लेव्हेनहूक, डेल्फ्टचा कापडव्यापारी. 1681 मध्ये त्याचं पोट बिघडलं तेव्हा त्यानं स्वतःचीच पातळ शी स्वतःच बनवलेल्या भिंगाखाली ठेवली आणि त्यात पोहणारे प्राणी पाहिले. म्हणजे डबीची लाज बाळगायचं मला खरं तर काही कारण नव्हतं. हा जीव लहान आतड्याला चिकटून बसतो, तिथे अन्न आणि विशेषतः स्निग्ध पदार्थ नीट शोषू देत नाही, म्हणून तो वास आणि ते ढेकर. बाहेर पडताना कवच घालून पडतो, त्या कवचातल्या अवस्थेला सिस्ट म्हणतात. ती रोज पडेलच असं नाही, म्हणून तीन दिवस. गार पाण्यात ती आठवडेच्या आठवडे टिकते. आपण पाण्यात जे क्लोरीनचे थेंब टाकतो त्यांना ती सहज दाद देत नाही. आजारी पाडायला दहा सिस्टही पुरतात. उकळलं की मात्र मरते.

धुळ्याला काकांच्या घरी हौदात थेंब नेमानं टाकले जायचे. काकू त्यावरच तर भांडत होत्या, आम्ही रोज टाकतो म्हणून. खरंच टाकत होत्या. खान्देशात पाणी साठवल्याशिवाय घर चालत नाही. जळगावचं पाणी वाघूर धरणातून येतं, धुळ्याचं तापीवरून आणि नकाणे, डेडरगाव तलावांतून, पण कुठूनही येवो, रोज येत नाही. मग हौद, टाक्या, पिंपं, माठ. आणि साठवलेल्या पाण्यात हात जातोच. आमच्याकडे माठात थेट पेला बुडवायची पद्धत. वगराळं भिंतीवर टांगलेलं असतं, शोभेला.

डॉक्टर म्हणाले, आजार घरातल्या घरात फिरतोय, दोन्ही घरांतल्या सगळ्यांची तपासणी करा. ज्यांना काही होत नाही त्यांचीही.

आजी तयार नव्हती. मन्ह्या पोटले काही नही व्हयनं, हे ती दिवसातून दहादा म्हणायची. शेवटी भाच्यानं तिला डबी नेऊन दिली, खेळणं समजून. 24 जूनला रिपोर्ट आला. आजी पॉझिटिव्ह.

मी लॅबच्या पायऱ्यांवर बसून तो कागद तीनदा वाचला. त्रास नसलेल्या माणसाच्या पोटातही हा जीव महिनोन्‌महिने राहतो, आणि त्याच्या हातून पुढे जातो, हे मला माहीत होतं. तीन आठवडे लाह्यांचं पीठ कालवणारा तो हात. औषध सगळ्यांना एकाच वेळी द्यायचं होतं, म्हणजे आजीला सांगणं भाग होतं. पप्पा म्हणाले, तू सांग. मम्मी म्हणाली, तू शिकलेली आहेस, तू सांग.

मी सांगितलं. शक्य तितक्या हळू, शक्य तितकं गोल करून. आजीनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "मीच दिन्हं का त्याले?"

मी म्हणाले, आजी, तसं सांगता येत नाही. तूच त्याला धुवायचीस, त्याच्याकडूनही तुला आलं असेल. पप्पांकडून आलं असेल. हौदातून सगळ्यांनाच एकदम आलं असेल. हे सगळं खरं होतं, मी तिची समजूत काढण्यासाठी बनवलेलं नव्हतं. कोणी कोणाला दिलं हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. पण तिनं त्या दिवसापासून स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. पोरगं जवळ आलं की दोन्ही हात पदराखाली घ्यायची. तो पदर ओढायचा, ती हलायची नाही. जेवायला बसली की आपलं ताट आपणच धुवायची, वेगळं ठेवायची. मम्मी, जी आयुष्यभर सासूच्या स्वयंपाकघरातल्या लुडबुडीनं वैतागली होती, तिला म्हणाली, "आई, निदान भाजी तरी निवडा." आजी नाही म्हणाली.

औषधं सुरू झाली, जळगावात सहा आणि धुळ्यात पाच माणसांना, एकाच दिवशी. तोंडात पत्रा चघळल्यासारखी चव. पप्पांनी दोन्ही घरांचं मिळून एक वेबिल केलं, काकांना रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. पिण्याचं पाणी उकळायचं ठरलं. जूनमध्ये, त्या उकाड्यात, रोज पंधरा लिटर. सिलेंडर दीड महिन्याचा पंचवीस दिवसांत संपला. हौद उपसून घासला, तोटीचा माठ आणला. वहिनीनं बेसिनजवळ चिठ्ठी लावली, साबणानं वीस सेकंद. दादानं तिच्याखाली लिहिलं, 'पप्पांनी मोजू नये'.

पोराचे जुलाब थांबले. चार दिवसांनी परत सुरू झाले.

ती रात्र सगळ्यांत वाईट होती. मम्मी देवापुढे बसली. वहिनी बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती, नळाचा आवाज मोठा असतो पण तेवढा नसतो. आजी रात्रभर गॅलरीत. सकाळी डॉक्टरांनी वेबिल वाचलं आणि विचारलं, दूध केव्हा सुरू केलंत? चार दिवसांपूर्वी. तो बरा झाला म्हणून, अंगात यावं म्हणून, तिन्ही त्रिकाळ. आतड्याचं अस्तर सोलवटलं की दुधातली साखर पचवणारा रस काही आठवडे कमी पडतो, जंतू गेला तरी. दूध बंद केलं, दही चालू ठेवलं. दोन दिवसांत फरक.

आणि केळी. जळगावात राहून आम्हाला ती सुचली नव्हती, कारण ती इथे इतकी असते की दिसत नाही. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आम्ही पाहुण्यांना सांगतो. डॉक्टरांनी कच्ची केळी उकडून भाताबरोबर कुस्करून द्यायला सांगितलं. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात याच प्रकारच्या रेंगाळलेल्या जुलाबांवर तिचा उपयोग तपासलेला आहे. वजन 10.9. मग 11.2. पप्पांनी वजनाचा वेगळा रकाना पाडला.

11 ऑगस्टला कानबाई होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते, सगळे भाऊबंद एका घरी जमतात, आणि घरातल्या माणसांच्या हिशोबानं गहू मोजून रोट करतात. म्हणजे पुन्हा धुळे, पुन्हा तीच तेवीस माणसं. रोट आमच्याकडे आजीच करते. या वर्षी ती म्हणाली, काकू करतील.

आदल्या दिवशी मम्मीनं काकूंना फोन केला, अखाजीनंतर पहिल्यांदा. पुरणाला डाळ किती लागेल एवढंच विचारलं. दोघी चाळीस मिनिटं बोलल्या.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात पीठ चाळून ठेवलं होतं, शेजारी उकळून गार केलेलं पाणी. आजी दाराबाहेर पाटावर. तिचा नंतरचा रिपोर्ट जुलैमध्येच आला होता, स्वच्छ. तो तिनं पिशवीत घडी घालून जवळ ठेवलेला असतो, मी पाहिलाय. कोणी काही बोलत नव्हतं. वहिनीनं परातीत पीठ घेतलं, परात उचलून बाहेर आणली आणि आजीसमोर ठेवली. म्हणाली, "आजी, मला पाण्याचा अंदाज येत नाही."

आजी उठली. नळाशी गेली. साबण लावला, मनगटापर्यंत, नखांखाली, बोटांच्या बेचक्यात. वीस सेकंदांच्या कितीतरी वर. मग हात माझ्या नाकासमोर धरले. "वास ले बरं मन्हा हातना."

लाइफबॉयचा वास येत होता. मी तसं सांगितलं. ती पाटावर बसली आणि पिठात पाणी घातलं, हळूहळू, अंदाजानं.